खाड्या मोजून निघावे



कोकणकिनाऱ्याने स्वतः मोटार हाकीत जाण्याचा बेत आम्ही नकाशावर केला. अंतरे मोजली, खाड्या मोजल्या नाहीत! सह्याद्रीतून उतरणारी नदी समुद्रास मिळताना रस्ताच कापून टाकते. काही ठिकाणी पूल झाले आहेत. पण आगरदांड्याहून दिघीस आणि बागमांडल्याहून वेश्वीस आम्ही मोटारीसकट फेरीबोटीने उतरलो. इतकी मौज वाटली, की पुढे हर्णैस मासळीचा लिलाव पाहण्यात संध्याकाळ गेली.

दाभोळच्या धक्क्यावर पोहोचलो, तो शेवटची फेरी सुटलेली. वाशिष्ठीपलीकडे धोपाव्याचे दिवे दिसत होते. गुहागरला आमची वृद्ध मावशी जेवणासाठी खोळंबली होती. पाण्यावरची काही मिनिटांची वाट. पण दापोली, खेड, चिपळूण असा वळसा अंधारातून घेणे आले. मध्यरात्री पोहोचलो, तेव्हा मावशी ओटीवर जागीच होती. रागावली नाही, भात तेवढा पुन्हा चुलीवर ठेवला. तेच अधिक लागले.

म्हणून सांगतो, शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारावी आणि दिवस तिथून उलटा आखावा. पावसाळ्यात तर फेरी चालू आहे की नाही, हेच प्रथम विचारावे. पुळणीवर मोटार मुळीच घालू नये. चाके रुतली, की भरती थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी तवसाळला आम्ही तासभर आधीच जाऊन उभे राहिलो.