मत्स्यसंपदा : संख्या आणि वर्तन



सामाईक संपदेच्या ऱ्हासाचा विचार करताना आपण बहुधा संख्येपाशी थांबतो. मासे किती होते, किती पकडले गेले, किती उरले, एवढाच हिशेब मांडतो. या हिशेबातून निसटणाऱ्या एका घटकाकडे आज मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. तो घटक म्हणजे माशांचे वर्तन.

उदाहरण अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचे आहे. तेथील ‘स्ट्राइप्ड बास’ हा मासा समुद्रात वाढतो आणि वसंत ऋतूत अंडी घालण्यासाठी हडसन, डेलावेअर तसेच चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत शिरतो. १९७३ नंतरच्या दहा वर्षांत त्याचे व्यावसायिक उत्पादन सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले. १९८४ मध्ये संघीय कायदा झाला, १९८५ मध्ये मेरीलँड राज्याने पाच वर्षांची बंदी घातली आणि १९९५ मध्ये साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर करण्यात आले. परंतु २०१९ च्या मूल्यमापनात तो पुन्हा अतिमासेमारीग्रस्त ठरला. या वेळी मुख्य भार व्यावसायिकांचा नव्हे, तर हौशी गळवाल्यांचा होता.

हा मासा लहान माशांचा पाठलाग करीत पृष्ठभागाजवळ व उथळ पाण्यात येतो. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने पसरतो. यांत्रिक होडी थव्यावरून गेली, की मासे खाणे सोडून खोल जातात किंवा पांगतात, हा तेथील मच्छीमारांचा नित्याचा अनुभव आहे. गळाचा अनुभव घेतलेला मासा पुढे सावध होतो, हे कार्प माशांवरील प्रयोगांत दिसले आहे. गळाला लागण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असल्याचे इलिनॉय राज्यात ‘लार्जमाउथ बास’ या अन्य जातीवरील प्रयोगातून २००९ मध्ये पुढे आले. म्हणजे धीट मासे आधी पकडले जातात व बुजरे मागे उरतात, अशी शक्यता आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातून दोन प्रश्न उद्भवतात. पहिला बाह्य परिणामांचा. थव्यात वेगाने होडी घालणाऱ्यास चार क्षणांचा लाभ होतो. मासे पांगल्याची किंमत मात्र आसपासच्या सर्वांना, किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्यालाही, मोजावी लागते. दुसरा प्रश्न मोजमापाचा. ताशी पकड घटली, तर मासे कमी झाले की सावध झाले? उलट, उरलेले मासे एकाच जागी गोळा झाले, तर ताशी पकड टिकून राहते आणि ऱ्हास झाकला जातो. केवळ पकडीच्या आकड्यांवर बेतलेले धोरण दोन्ही बाजूंनी चुकू शकते.

२०२३ पासून खुल्या किनाऱ्यावर हौशी मच्छीमारास २८ ते ३१ इंच लांबीचाच मासा ठेवता येतो. बाकीचे सोडावे लागतात. सोडलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के मरतात, असे मूल्यमापनात गृहीत धरले जाते. तेव्हा सोडून देणेही विनामूल्य नाही.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीस बंदी असते. बिगरयांत्रिक पारंपरिक नौकांना सूट मिळते. या नियमाचा अभ्यास करताना किती मासे वाचले, याबरोबरच पाण्याला किती काळ शांतता लाभली, हाही प्रश्न आपण विचारावा, एवढीच विनंती.