काडतुसाची निवड

बंदूक कोणती यापेक्षां काडतूस कोणतें, हाच प्रश्न जुन्या शिकाऱ्यांस अधिक विचारांत पाडी. अमेरिकेंतील एल्क हरिण आपल्याकडे नाहीं. त्याच्या तोलाचें जनावर म्हणजे नांदेड जिल्ह्यांत किनवटच्या सागवानी अरण्यांतील सांबर. पुरा वाढलेला नर सव्वादोनशें किलोहूनही भारी भरतो. लातूरकडील काळ्या रानांतला काळवीट मात्र अवघा चाळीसएक किलोंचा.

जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी सुमारें ९ ग्रॅमांची गोळी फेकी. हॉलंड अँड हॉलंड यांनीं १९१२ सालीं काढलेल्या .३७५ मॅग्नमची गोळी १९ ग्रॅमांपर्यंत असते. उघड्या माळावर काळविटास पहिली पुरेशी; सांबराच्या खांद्याचें हाड भेदून काळजापर्यंत पोहोंचण्यास जड, चट्कन न फुटणारी गोळीच हवी. हलकी गोळी वरच फुटली, तर जनावर रक्त सांडीत झाडींत शिरतें आणि तळमळून मरतें. अशी शिकार कसली!

१९७२ च्या कायद्यानें ही हौस संपली, तें बरेंच झालें. आतां पिकें नासणाऱ्या रानडुकरास मारण्यासही वनखात्याचा परवाना लागतो. परवाना मिळाला, तरी निवडीची जबाबदारी सुटत नाहीं. कारण ज्वारींत जखमी होऊन दडलेलें डुक्कर दुसऱ्या दिवशीं खुरपणाऱ्या बायांच्या अंगावर येतें.