दोन टाक्या, पाच नळ्या

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना भरकटले तिथे थोडं आवरून घेतलं आहे.)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख "समुद्राच्या तळाशी राहणारी आपली मैत्रीण" अशी करून दिली. तसं काही नाही. मी लोकांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवते, बहुतेक वेळा दहा-बारा मीटरवर, आणि संध्याकाळी घरी येऊन भाकऱ्या भाजते. आज संयोजकांनी सांगितलंय, "तुझ्या कामातली एकच गोष्ट सांग, पण नीट सांग." म्हणून मी नळ्यांबद्दल बोलणार आहे.

नळ्यांचं वेड मला कर्जत स्टेशनवर लागलं. आपल्यातल्या निम्म्या जणांचे वडील रेल्वेत. घाट चढायचा म्हणून गाडीला मागून इंजिनं लागायची. सगळी पोरं इंजिन बघायची आणि मी दोन डब्यांमधल्या फटीत उतरलेल्या माणसाकडे बघायची. जाड काळ्या नळ्या तो एकमेकींत अडकवायचा, कॉक फिरवायचा, कान देऊन ऐकायचा आणि वर यायचा. त्यातल्या एका नळीत ब्रेकची हवा, ५ किलो दाबाची, कॉक हिरवा. दुसरी फीडची, ६ किलोची, कॉक पांढरा. रंग का वेगळे, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "रात्री, पावसात, बॅटरीच्या उजेडात चूक होऊ नये म्हणून." आजही माझ्या विद्यार्थ्यांना याहून चांगलं उत्तर मला देता येत नाही.

आता मूळ मुद्दा. साधा स्कूबा करणारा माणूस पाठीवर एक टाकी घेतो. साइडमाउंटमध्ये पाठ मोकळी असते आणि दोन टाक्या दोन बगलांखाली, अंगाला समांतर लटकतात. इंग्लंडमधल्या गुहांत पाण्याने भरलेल्या अरुंद भेगा पार करणाऱ्या लोकांनी १९६०च्या दशकात टाकी कमरेच्या पट्ट्याला, बाजूला बांधायला सुरुवात केली. पाठीवरची टाकी छताला आपटायची, हे साधं कारण. पुढे फ्लोरिडातल्या गुहांत ही पद्धत सुधारत गेली. मी तिच्याकडे वळले त्याचं कारण याहून साधं आहे. एक भरलेली टाकी पंधरा किलोच्या आसपास, आणि चाळिशीनंतर माझी कंबर बोलायला लागली. साइडमाउंटमध्ये एकेक टाकी पाण्यापर्यंत नेऊन तिथेच अंगाला लावता येते.

दोन टाक्या एकमेकींना जोडलेल्या नसतात, ही यातली गोम. प्रत्येकीचा वेगळा व्हॉल्व्ह, वेगळा रेग्युलेटर, वेगळा दाबमापक. टाकीतला २०० बारचा दाब पहिला टप्पा नऊ-दहा बारवर आणतो आणि तोंडातला दुसरा टप्पा तो श्वासाजोगा करतो. मग नळ्या मोजा. श्वासाच्या दोन, मापकांच्या दोन आणि तरंगण्याच्या पिशवीत हवा भरणारी एक, अशा पाच. एक टाकी रुसली तर दुसरी आहे. पण दोन्ही आलटून पालटून वापराव्या लागतात, नाहीतर ऐनवेळी एक भरलेली आणि एक रिकामी राहते. साधारण तीसेक बार संपले की तोंडातलं रेग्युलेटर काढायचं आणि दुसरं घालायचं. म्हणजे तासाभरात गळ्याभोवतीच्या नळ्यांची कितीतरी वेळा अदलाबदल होते, आणि घोटाळा तिथेच होतो.

रचना अशी. डाव्या टाकीची नळी आखूड. तिचं रेग्युलेटर रबरी दोरीने गळ्यात, हनुवटीखाली कायम अडकवलेलं. उजव्या टाकीची नळी लांब, दोन मीटरहून थोडी जास्त. ती छातीवरून डाव्या खांद्याकडे, मानेमागून फिरून उजवीकडून तोंडाशी येते. वापरात नसेल तेव्हा तिच्या टोकाची कडी छातीवरच्या उजव्या रिंगला. उरलेला पसारा टाकीवरच्या रबरी पट्ट्यांखाली दुमडून ठेवायचा. काही जण लांब नळी डावीकडे लावतात. लावू देत, पण जोडीदारांची रचना एकसारखी हवी. एवढी लांब कशाला? तर समोरच्याची हवा संपली की त्याला हीच द्यायची असते, आणि अरुंद जागेतून दोघांना एकामागे एक बाहेर यावं लागतं. आखूड नळीवर दोघं असले की नाकाला नाक लागतं.

कडी रेग्युलेटरला पक्की बांधायची नाही. बारीक रबरी कडं किंवा जोरात ओढलं तर तुटेल असा दोरा घ्यायचा. घाबरलेला माणूस कडी उघडत बसत नाही, हिसकावतो. शिवाय पिशवीची नळी कोणत्या टाकीवर आहे हे हाताला पाठ हवं, कारण ती टाकी बंद करावी लागली तर पिशवी तोंडाने फुगवावी लागते.

आणि क्रम. हे मी मुलींना एका वाक्यात शिकवते आणि मुलांना दहा मिनिटं लागतात. आधी ठुशी, मग राणीहार. गळ्याला चिकटलेली आखूड नळी आधी, लांब नळी सगळ्यांत शेवटी, सगळ्यांच्या वर. शेवटी घातलेला हार आधी निघतो.

हे मला स्वतःला कसं कळलं ते सांगते. साइडमाउंट शिकत होते, सहा मीटरवर सराव चालू होता. त्याआधी पृष्ठभागावर पाणी थुंकायला मी गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली आणि परत घातली. म्हणजे ठुशी राणीहारावर गेली. खाली जोडीदाराने "हवा संपली" अशी खूण केली, मी लांब नळी काढून पुढे केली आणि ती हातभर येऊन थांबली, दोरीखाली अडकली. मी आणखी ओढलं, तसा माझाच गळा आवळला. त्याच्या तोंडात काही नव्हतं. त्याने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं, मग शिक्षकाने बाजूने स्वतःचं रेग्युलेटर त्याच्या हातात दिलं. सगळं मिळून दहा सेकंद असतील. ते डोळे मी विसरलेले नाही. तेव्हापासून प्रत्येक बुडीआधी छातीएवढ्या पाण्यात उभं राहून लांब नळी पूर्ण लांब करून दाखवल्याशिवाय मी कुणाला खाली नेत नाही. विद्यार्थी कंटाळतात. कंटाळू देत.

आता जे बोलायला मी खरं म्हणजे आले आहे ते.

दोन पावसाळ्यांपूर्वी खालापूरहून आपल्याच वर्गातल्या एकाचा फोन आला. धरणाच्या पाण्यात एक मुलगा गेला होता. गावातले पोहणारे आणि गळ टाकणारे दोन दिवस शोधत होते. "तू ये ना, तुझ्याकडे सगळं सामान आहे." मी नाही म्हटलं. तो खूप बोलला. बोलण्याचा हक्क होता त्याला. आठवीच्या पावसाळ्यानंतर आपल्या वर्गातलं तिसरं बाक रिकामं राहिलं होतं, त्या डोहापाशी तो आणि मी दोघंही उभे होतो. त्याला वाटलं, मी ते विसरले.

म्हणून आज सगळ्यांसमोर कारण सांगते. पावसातल्या धरणात स्वतःचा हात दिसत नाही. तळाशी बुडालेली बाभळ, मासेमारीची जाळी, तारा. साइडमाउंट तिथे पाठीवरच्या टाकीपेक्षा बरं, हे खरं. व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर, नळ्या अंगालगत, आणि काही अडकलं तर हात पोचतो. पण पाणी सोडायच्या दरवाजाजवळ ओढ असते, आणि तिच्यापुढे दोन काय, दहा टाक्या चालत नाहीत. अशा कामाला दोरी धरणारा माणूस काठावर लागतो, तयार बसलेला दुसरा पाणबुड्या लागतो आणि दरवाजा बंद असल्याची खात्री देणारा अधिकारी लागतो. त्या दिवशी मी एकटी होते.

थायलंडची थाम लुआंग गुहा आठवत असेल. २३ जून २०१८ला १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक आत अडकले. २ जुलैला ते दोन ब्रिटिश पाणबुड्यांना सापडले, दोघंही साइडमाउंटवाले. पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे लोकही गेले होते. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सगळे बाहेर आले. पण त्याआधी, ६ जुलैला, आत टाक्या पोचवून परतताना समन कुनान हा थायी नौदलाचा माजी पाणबुड्या गेला. तो कसलेला माणूस होता, आणि निदान जिवंत मुलांसाठी गेला होता. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी आणायचं होतं ते शरीर. आईबापांसाठी ते किती मोठं असतं, मला माहीत आहे. तरीही मी नाही म्हणाले, आणि आजही म्हणेन.

जे करता येईल ते करते आहे. या जूनपासून पाऊस जोर धरायच्या आत दोन दिवस कर्जतला येणार आहे. शोधाला जाणाऱ्या आपल्या भागातल्या पोरांना काठावरून दोरी फेकायला, गळ टाकताना स्वतःला बांधून घ्यायला आणि श्वास परत आणायला शिकवायचं. स्कूबा नाही. दोरी, लाइफ जॅकेट आणि रिकामा पाच लिटरचा कॅन एवढ्यावर बुडणारा माणूस वाचतो, टाकी येईपर्यंत वेळ गेलेली असते. ज्याने फोन केला होता त्यानेच जागेची सोय केली आहे. तो समोर बसला आहे, मान खाली घालून. वर बघ रे.

माझा संच मी आणला आहे. जेवणानंतर आठवीच्या वर्गात मांडते. नळ्या हाताळा, ठुशी-राणीहार करून बघा. एकच विनंती, व्हॉल्व्ह कुणी फिरवायचा नाही. आणि पी.टी.चे सर, टाकी उचलायला पहिले तुम्ही. आम्हाला मैदानाला फेऱ्या मारायला लावताना तुम्ही खुर्चीत बसायचात, ते अजून लक्षात आहे.