बसचा स्वतंत्र मार्ग : पुण्याचा अनुभव आणि सांगली-मिरज



सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून १९९८ साली एक महानगरपालिका अस्तित्वात आली. नगरे एक झाली, तरी त्यांचे व्यवहार निरनिराळ्या ठिकाणीच राहिले. हळदीची पेठ सांगलीत, रेल्वेचे जंक्शन व मोठी रुग्णालये मिरजेत, औद्योगिक वसाहत कुपवाडला, तर महाविद्यालये विश्रामबागेत. साहजिकच उपचारासाठी वा शिक्षणासाठी खेड्यातून आलेल्या माणसाला शहरात पोचल्यावरही पुन्हा प्रवास करावा लागतो. स्वतःचे वाहन नसलेल्या या माणसाच्या वेळेला काही मोल आहे की नाही, हा शहर वाहतुकीतील मूळ प्रश्न होय.

ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ साली रस्त्याचा मधला भाग बससाठी राखून या प्रश्नास उत्तर दिले. त्यामागील हिशेब साधा आहे. एका बसमधील पन्नास प्रवासी दुचाकींवरून निघाले, तर प्रत्येकीवर दोघे धरूनही पंचवीस दुचाकी रस्त्यावर येतात. केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेही वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्यास अग्रक्रम दिला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्यात स्वारगेट-कात्रज रस्त्यावर अशी व्यवस्था सुरू झाली. हा देशातील पहिला प्रयोग. त्याने एक गोष्ट स्पष्ट केली : केवळ मार्गिका आखल्याने बस जलद होत नाही. थांबा रस्त्याच्या मध्यावर असेल, तर तेथवर निर्धोकपणे चालत जाता आले पाहिजे. फलाट व बसची पायरी एका उंचीवर हवी. इतर वाहनांना मार्गिकेत मज्जाव हवा. आणि बस वेळेवर यावयास हवी. अहमदाबादने २००९ साली सेवा सुरू करताना बंदिस्त स्थानके आणि समपातळीतील चढउतार यांवर भर दिला. पुण्यानेही २०१५ पासूनच्या नव्या मार्गांवर अशी स्थानके उभारली.

तथापि, व्यवस्था उभारण्याइतकेच ती टिकविणेही कठीण असते. दिल्लीतील २००८ चा मार्ग २०१६ मध्ये काढून टाकण्यात आला. पुण्यात नगर रस्त्यावरील काही भागही २०२३ मध्ये हटविला गेला. कोंडीत अडकलेल्या वाहनधारकाची तक्रार तत्काळ ऐकू येते; थांब्यावर ताटकळणाऱ्याची तक्रार सहसा कोठे नोंदलीच जात नाही.

सांगली-मिरज रस्त्यावर उद्याच काँक्रीटची मार्गिका बांधावी, असा याचा अर्थ नव्हे. मोठा खर्च करण्यापूर्वी करता येण्याजोगी कामे पुष्कळ आहेत. थांब्यासमोरील जागा मोकळी ठेवणे, पदपथ चालण्यायोग्य करणे, रस्ता ओलांडण्याची सोय करणे आणि वाहनांऐवजी प्रवाशांची मोजणी करणे, ही कामे अधिकाऱ्यांच्या हाती आहेत. शाळा सुटण्याच्या आणि बसच्या वेळांचा मेळ बसतो की नाही, हे शिक्षक सांगू शकतात. गावातून शहरात रोज किती जण जातात आणि त्यांना कोठे गाडी बदलावी लागते, याची नोंद ग्रामपंचायत ठेवू शकते. अशी नोंद हाती असेल, तर रस्त्याच्या वाटणीचा निर्णय होताना बसच्या प्रवाशाची बाजूही मांडली जाईल. वाहनांनी सारा रस्ता व्यापल्यावर बससाठी जागा मागणे अवघड जाते. ती आधीच राखून ठेवणे, यातच दूरदृष्टी आहे.