उपदेश आणि स्वयंपाकघर
(वर्धापनोत्सवातील व्याख्यान)



व्यसन सोडावे, आहार मित असावा, हा उपदेश आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. तो खोटा नव्हे. परंतु उपदेश कानापाशी थांबतो आणि सवय स्वयंपाकघरात व दुकानात नांदत असते. म्हणून एका दूरदेशीचे उदाहरण आपणांपुढे ठेवतो.

फिनलंडच्या पूर्व सीमेवर उत्तर करेलिया नावाचा प्रांत आहे. रानात लाकूडतोड करणारी, दूधदुभत्यावर जगणारी तेथील माणसे अंगापिंडाने दणकट. पण ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने पटापट दगावत. १९७१ साली लोकांच्या प्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज केला आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टराच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. लोणी, मीठ व धूम्रपान ही कारणे उघड होती. तथापि नुसती पत्रके वाटून ते थांबले नाहीत. ‘मार्था’ या गृहिणींच्या संस्थेस त्यांनी हाताशी धरले. गावोगावी मेळावे भरू लागले. भाज्या घालून, चरबी कमी करून केलेले जुनेच पदार्थ तेथे सर्वांनी मिळून खावयाचे! पथ्य म्हटले की तोंड वाकडे होते. शेजारणीच्या हातचा रस्सा मात्र कोणी नाकारीत नाही.

दुग्धव्यावसायिकांचा विरोध झाला, आणि तो स्वाभाविकच होता. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. तेव्हा शेतकऱ्यांना बोरवर्गीय फळांच्या लागवडीकडे वळविण्याचा प्रयत्न झाला. १९७६ मध्ये देशाने तंबाखूविषयक कायदा करून जाहिरातींस बंदी घातली. पुढील साडेतीन-चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्युप्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले. या काळात औषधोपचारही सुधारले, हे खरे. पण मोठा वाटा बदललेल्या राहणीचा होता, असे अभ्यासकांचे मत आहे.

आता आपल्या पंक्तीकडे पाहू. प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे पानावर आधी मीठच वाढतात, ही रीत मला मोठी सोयीची वाटते. मुदपाकखान्याच्या मंडळींनी आमटीभाजीतील मीठ एकदम नव्हे, हळूहळू कमी करीत न्यावे. काही आठवड्यांत जिभेला त्याची सवय होते. ज्याला अळणी लागेल, त्याच्या पानावर मीठ आहेच.