भिलाईच्या वस्त्यांतील मोकळे तुकडे आणि घराची परवानगी

(भिलाईतील मराठी भाषक कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



भिलाई म्हटले की धमनभट्टी डोळ्यांपुढे येते. सोव्हिएत युनियनशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या भट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची रेखीव वसाहतही उभी राहिली. कायम कामगारांना क्वार्टर मिळाले. परंतु ज्यांनी पाया खणला आणि जे आज ठेकेदाराकडे राबतात, त्यांच्या वाट्याला कॅम्प, खुर्सीपार, छावणी, सुपेला या वस्त्या आल्या. तेथे घराघरांमधील मोकळ्या तुकड्यांवर रीतसर परवानगीने छोटे घर कसे बांधता येईल, हा आजचा विषय आहे.

हा प्रश्न किरकोळ आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटते. मला ते मान्य नाही. मंजूर नकाशा नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून सावकार. अतिक्रमणविरोधी पथक आले की दाखवायला कागद नाही. झगडून मिळविलेली मजुरीतील वाढ या वाटेने निघून जाते.

गाडे नकाशात अडत नाही, जमिनीच्या हक्कात अडते. अविभाजित मध्यप्रदेशात १९८४ साली शहरी भूमिहीनांना पट्टे देण्याचा कायदा झाला. १० एप्रिल १९८४ रोजी ज्याचा ताबा होता, त्याला जास्तीत जास्त ५० चौरस मीटर जागा. स्थायी पट्ट्याची मुदत ३० वर्षे. म्हणजे सुरुवातीच्या पट्ट्यांची मुदत २०१४ च्या सुमारासच सरली. पट्टा वडिलांच्या नावावर, मुलगे तीन, वारसनोंद झालेली नाही. अशा कुटुंबाने परवानगी मागायची कशाच्या आधारावर? छत्तीसगढमध्ये २०२२ साली ५,००० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांसाठी संगणकावरून थेट परवानगी देण्याची पद्धत सुरू झाली. चांगले झाले. मात्र संगणकही आधी हक्काचाच कागद मागतो.

दुसरी अडचण सामासिक अंतराची. ५० चौरस मीटरच्या तुकड्यावर चारी बाजूंनी जागा सोडली, तर राहायला उरते काय? यासाठी शेजारच्या तीन-चार कुटुंबांनी सामाईक भिंतींच्या रांगेतील घरांचा नकाशा एकत्रितपणे दाखल करावा. एकट्याला हुसकावणे सोपे असते, आणि वास्तुशिल्पज्ञाचा खर्चही वाटला जातो.

असा एकत्रित नकाशा किंवा भूखंडाची विभागणी नगर तथा ग्राम निवेश खात्याकडे गेली की १९७३ च्या अधिनियमाचे कलम ३० लागू होते. त्यानुसार नकार द्यायचा तर कारणे लेखी द्यावी लागतात. ६० दिवसांत निर्णय कळविला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते. पण येथेच नोकरशाहीची मेख आहे. अधिक माहिती मागविल्याच्या दिवसापासून ती मिळेपर्यंतचा काळ या ६० दिवसांत धरला जात नाही. अठ्ठावन्नाव्या दिवशी त्रुटीचे पत्र आले की घड्याळ थांबते! म्हणून उत्तर तातडीने द्यावे आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. नकार आलाच, तर कलम ३१ खाली अपील आहे. त्याची मुदत चुकवू नये.

आधी बांधा, मग दंड भरून नियमित करून घ्या, असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. छत्तीसगढचा नियमितीकरणाचा कायदा २००२ चा, महाराष्ट्राचा गुंठेवारीचा २००१ चा. महाराष्ट्रात १ जानेवारी २००१ ची मर्यादा २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली गेली. हा दिलासा खरा आहे, परंतु तारखेच्या पलीकडचे घर पुन्हा टांगणीला लागते.

सोलापूरचे उदाहरण आपणा सर्वांना ठाऊक आहे. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. त्या लढ्याचे मोल कोणी कमी लेखू नये. पण ती जागा शहराबाहेरची. भिलाईच्या ठेका कामगाराला कारखान्याचे दार, मुलांची शाळा आणि नळ जेथे आहे तेथेच घर हवे आहे, आणि तेथे तुकडे मोकळे आहेत.

तेव्हा येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या गल्लीची वही करावी: पट्टा कोणाच्या नावावर, मुदत केव्हा सरली, वारस किती, मोकळा तुकडा किती मीटर. पट्ट्यांच्या नूतनीकरणाचे अर्ज आधी, नकाशे नंतर. खुर्सीपारपासून सुरुवात करू.