हृदयांतील मर्मर

माणसाचें हृदय जन्मापूर्वींपासून अखेरच्या क्षणापर्यंत बोलत असतें; परंतु त्याचें सर्व बोलणें त्याच्या धन्याला ऐकूं येत नाहीं. जिना चढून आल्यावर छाती धडधडते, ती आपल्याला कळते. रात्रीं कुशीवर निजलें असतां कानांत ठोका वाजतो, तोहि कळतो. पण त्या ठोक्यांच्या मध्यें एखादा बारीक, सूं सूं असा आवाज असेल, तर तो बहुधा दुसऱ्याच्या कानालाच ऐकावा लागतो. वैद्यकांत त्या आवाजाला मर्मर म्हणतात. हा शब्द आपल्याला परका नाहीं. वाळलेल्या पानांच्या सळसळीला संस्कृतांत मर्मर असेंच नांव आहे. शब्द इतका मृदु. पण डॉक्टरांच्या तोंडून तो निघाला कीं अख्ख्या घराच्या तोंडचें पाणी पळतें. यासाठीं त्याचा अर्थ काय, आणि तो कानीं पडल्यावर शहाण्या माणसानें काय करावें, हें आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा असतात. आपण स्वस्थ बसलों असतां तें मिनिटाला सुमारें ७० वेळां आकुंचन पावतें. म्हणजे दिवसाकाठीं जवळजवळ एक लाख वेळां. मिनिटागणिक सुमारें ५ लिटर रक्त त्यांतून पुढें जातें. झडपा मिटतांना जे दोन आवाज होतात, तेच आपले ठोके. रक्त सरळ वाहत असतां त्याचा आवाज होत नाहीं. प्रवाहांत खळबळ उडाली म्हणजे होतो. आमच्या उंब्रजला तारळी नदी कृष्णेस मिळते. खोल डोहांत नदीचें पाणी मुकें असतें, आणि दगडगोट्यांवर आलें कीं खळखळूं लागतें. हृदयांतहि तसेंच. झडप अरुंद झाली, ती नीट मिटेनाशी झाली, किंवा दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असलें, तर मर्मर उमटतो. पण पाणी जोरानें धांवूं लागलें, तर निर्दोष पात्रांतहि आवाज होतो. ताप, अंगांत रक्त कमी असणें, गर्भारपण, थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक, यांत रक्त वेगानें धांवतें आणि झडपा धडधाकट असूनहि मर्मर ऐकूं येतो. कित्येक निरोगी मुलांतहि तो असतो, आणि पुढें आपोआप मावळतो.

हा आवाज ऐकण्याचें साधन फार जुनें नाहीं. १८१६ सालीं पॅरिसच्या नेकेर रुग्णालयांतील डॉक्टर लेनेक यांच्याकडे एक तरुण स्त्री तपासणीसाठीं आली. तिच्या छातीला कान लावणें त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनीं कागदाची घट्ट गुंडाळी केली, तिचें एक टोंक रोग्याच्या छातीवर व दुसरें आपल्या कानाशीं धरलें. आणि नुसत्या कानापेक्षां ठोके अधिक स्पष्ट ऐकूं आले. पुढें तिची लाकडी नळी झाली. आजचा स्टेथॉस्कोप हा तिचाच वारस. नळीनें आवाज कळतो, पण त्याचें कारण नेहमींच कळतें असें नाहीं. १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें एड्लर व हर्ट्झ या दोघांनीं, मनुष्याच्या कानाला न कळणाऱ्या ध्वनिलहरींच्या साह्यानें, हृदयाची हालचाल टिपली. आज आपण ज्या तपासणीला टूडी इको म्हणतों, तिचा उगम तेथें आहे. तींत दुखत खुपत नाहीं. आणि झडप कशी उघडते, कशी मिटते, हें डोळ्यांना दिसतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आवाज मोठा म्हणून रोग मोठा, असा नियम नाहीं. पडद्याचें लहानसें छिद्रहि मोठा आवाज करूं शकतें; आणि झडप फार अरुंद होऊन हृदय थकलें, तर आवाज उलट क्षीण होतो. म्हणून घरीं बसून तर्क लढविण्यांत अर्थ नाहीं.

आमच्या आळींतील एका मुलीची हकीकत सांगतों. मुलांची आरोग्यतपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं आपल्याच महाराष्ट्रांत, पालघर येथें, सुरू झाला. त्याचें पथक शाळेंत आलें असतां दहा वर्षांच्या या मुलीच्या छातींत मर्मर आढळला. तिचे वडील चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, आई म्हणते, पोरीची जात; हे नाव चिकटलं तर उद्या तिचं लग्न कसं व्हायचं? बोभाटा नको." मीं म्हटलें, "बाबा रे, दुखणं असेल, तर नाव न घेतल्यानं ते जाणार आहे काय? आणि नसेल, तर नसल्याचा दाखला तरी हाती येईल." तपासणींत हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्यें छिद्र निघालें. छाती न उघडतां, मांडींतील शिरेवाटे नळी नेऊन, छत्रीसारख्या साधनानें तें बुजविण्यांत आलें. खर्च सरकारी योजनेंतून झाला. आतां ती मुलगी खोखो खेळते.

दुसऱ्याला सांगणें सोपें असतें. गेल्या पावसाळ्यांत रक्तदाब मोजण्यास मी गेलों असतां आमच्या डॉक्टरांनीं माझ्या छातीवर नळी ठेवली, आणि ती एका जागीं जरा अधिक वेळ धरली. "गुरुजी, थोडा आवाज येतो आहे. एकदा इको करून घ्या," असें ते म्हणाले. त्या रात्रीं माझ्या मनानें एकामागून एक वकील उभे केले. पहिला म्हणाला, तुला दम लागत नाहीं, मग रोग कसला? दुसरा म्हणाला, या वयांत यंत्र कुरकुरणारच. तिसरा म्हणाला, निवृत्तिवेतनांत हा खर्च कशाला? चौथा कांहींच बोलला नाहीं. तो नुसता घाबरलेला होता, आणि पहिले तिघे त्याचेच मुखत्यार होते. मीं कागद घेऊन दोन बाजू लिहिल्या. गेलों, तर खर्च काय? कराडपर्यंतचा अर्ध्या तासाचा प्रवास, थोडे पैसे आणि एक सकाळ. न गेलों, तर रोज रात्रीं हाच खटला पुन्हां. सकाळीं पत्नीला सारें सांगितलें. ती म्हणाली, "सोमवारी जायचं. मी येते बरोबर." खटल्याचा निकाल लागला.

कराडच्या तज्ज्ञांनीं आम्हां दोघांना चित्र दाखविलें. महाधमनीच्या झडपेवर वयोमानानें कॅल्शियमचा थर चढला असून ती किंचित् अरुंद झाली आहे. तिच्यासाठीं आज औषध नाहीं. रक्तदाब ताब्यांत ठेवावयाचा आणि तीन वर्षांनीं पुन्हां तपासून घ्यावयाचें. मध्यंतरीं चालतांना दम लागला, छातींत कळ आली किंवा घेरी आली, तर तारखेची वाट पाहावयाची नाहीं. माझा मर्मर आहे तेथेंच आहे. परंतु आतां त्याचें कारण ठाऊक आहे, आणि रात्रीं झोंप लागते.

आतां थोडें व्यवहाराचें. मोठ्या माणसाला श्रमानें दम लागणें, छातींत दुखणें, शुद्ध हरपणें, पाय सुजणें, आडवें झालें कीं श्वास कोंडणें. तान्ह्या मुलाला दूध पितांना धाप लागून घाम येणें, ओठ निळे पडणें, वजन न वाढणें. यांपैकीं कांहीं दिसलें, तर विलंब करूं नये. मुलांचा घसा तापासह दुखूं लागला, तर डॉक्टरांना दाखवावें. कांहीं मुलांत अशा घशानंतर दोन-तीन आठवड्यांनीं सांधे सुजतात, आणि त्याच संधिवाती तापानें झडपा कायमच्या बिघडतात. ज्यांना त्यासाठीं तीन-चार आठवड्यांनीं पेनिसिलिनची सुई सांगितली असेल, त्यांनीं बरें वाटतें म्हणून ती स्वतःच्या मनानें बंद करूं नये. झडप अगदीं निकामी झाली, तरीहि मार्ग खुंटत नाहीं. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा संस्थेंत घडविलेली स्वदेशी कृत्रिम झडप १९९० सालीं प्रथम रोग्याला बसविण्यांत आली. आज त्या झडपेवर पुष्कळ माणसें आपला संसार करीत आहेत.

तपासणीस जातांना जुने कागद आणि चालू औषधांची यादी जवळ ठेवावी, घरचें एक माणूस बरोबर न्यावें, आणि तीन प्रश्न विचारावेत : आवाज कशाचा आहे? मला काय करावयाचें आहे? पुन्हां केव्हां यावयाचें? उत्तरें तेथेंच लिहून घ्यावींत. घरीं येईपर्यंत भीति त्यांत आपले शब्द घालते.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणाच्या कपाटांत अशी एखादी चिठ्ठी घडी करून ठेवलेली असेल, तर ती आज बाहेर काढा, आणि जाण्याचा वार घरांत सर्वांदेखत ठरवा. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.